स्विचवर एसीएल लावताना: पाहुण्यांचे वाय-फाय, कॅमेरे आणि रिसेप्शन वेगळे ठेवण्याची रीत

कळंगुट, कांदोळी, कोलवा या पट्ट्यातल्या मध्यम हॉटेलांचे नेटवर्क बहुतेक वेळा गरजेप्रमाणे वाढत गेलेले असते. आधी रिसेप्शनचे दोन पीसी, मग कॅमेरे, मग पाहुण्यांना वाय-फाय, मग रेस्टॉरंटचे बिलिंग आणि कार्ड स्वाइपची मशीन. सगळी उपकरणे एकाच सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या एकाच गटात. अशा हॉटेलात खोलीतल्या पाहुण्याने फोनवर साधे नेटवर्क स्कॅनर ॲप उघडले, की एनव्हीआरचे (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरचे) लॉगिन पान, बिलिंगचा सर्व्हर आणि ऑफिसचा प्रिंटर त्याला एका यादीत दिसतात. पाहुणा सज्जन असला तरी त्याच्या लॅपटॉपमध्ये काय शिरलेले आहे याची खात्री कोणी द्यायची? २०१६ साली मिराई हा प्रोग्रॅम कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर शोधून ताब्यात घेत होता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे त्या सेवेच्या ठरलेल्या दारातून, एका पीसीवरून दुसऱ्यावर आपोआप पसरत गेला. ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशी उपकरणे एकमेकांना पोचू शकत होती, ही दोन्ही वेळची मूळ अडचण.

यावर पहिला उपाय म्हणून व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी आभासी नेटवर्क, पाडतात, आणि ते बरोबरच आहे. पण पुष्कळ ठिकाणी काम तिथेच थांबते. लेयर ३ स्विचवर, म्हणजे नेटवर्कांमध्ये वाट काढून देणाऱ्या स्विचवर, प्रत्येक व्हीलॅनला आयपी दिला आणि राउटिंग चालू केले, की तो स्विच एका व्हीलॅनचे पॅकेट (माहितीचा तुकडा) दुसऱ्या व्हीलॅनला विनातक्रार पोचवतो. त्याचे कामच ते. पाहुण्यांचा व्हीलॅन वेगळा असूनही पाहुणा बिलिंग सर्व्हरपर्यंत पोचतो, आणि मालक मात्र नेटवर्क वेगळे केले या समजुतीत असतो. कोणाला कुठे जाऊ द्यायचे हे स्विचला लिहून द्यावे लागते. ते लिहिणे म्हणजे ॲक्सेस कंट्रोल लिस्ट, थोडक्यात एसीएल.

पुढच्या सगळ्या विवेचनात एक गोष्ट धरून चालायचे आहे. स्विचवरची एसीएल प्रत्येक पॅकेट सुटे पाहते. हे पॅकेट कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, मघाशी कोण कोणाशी बोलले, याची ती कसलीही नोंद ठेवत नाही. फायरवॉल ठेवते, स्विच ठेवत नाही. एसीएल लावल्यावर येणाऱ्या बहुतेक तक्रारी नेमक्या या फरकातून उद्भवतात.

उदाहरणासाठी ६० खोल्यांचे एक हॉटेल धरू. मध्यभागी एक लेयर ३ स्विच, मजल्यांवर साधे मॅनेज्ड स्विच, आणि इंटरनेटच्या तोंडाशी फायरवॉल. व्हीलॅन १० हे ऑफिस आणि रिसेप्शन, सबनेट १०.२०.१०.०/२४. व्हीलॅन २० सर्व्हरचा, १०.२०.२०.०/२४, त्यात १०.२०.२०.५ वर हॉटेलचे सॉफ्टवेअर आणि १०.२०.२०.१० वर पत्ते वाटणारी डीएचसीपी, नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस व घड्याळ जुळवणारी एनटीपी सेवा. व्हीलॅन ३० पाहुण्यांचा, १०.२०.३२.०/२२. तो मुद्दाम मोठा ठेवला आहे, कारण एका खोलीत दोन फोन, एक लॅपटॉप, एखादे घड्याळ आणि टॅब्लेट सहज असतात. नाताळात २५४ पत्ते पुरत नाहीत, /२२ मध्ये १,०२२ मिळतात. व्हीलॅन ४० कॅमेऱ्यांचा आणि ९९ स्विचच्या देखभालीचा. कमांड सिस्को कॅटॅलिस्ट पद्धतीच्या आहेत आणि इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. स्विचवर त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाइप करायच्या.

यादी वाचण्याचा नियम सोपा, पण कडक आहे. स्विच वरून खाली जातो, पहिली जुळणारी ओळ सापडली की तिथे लिहिलेले करतो आणि खालचे काही बघत नाही. एकही ओळ जुळली नाही तर पॅकेट टाकून देतो, कारण प्रत्येक यादीच्या शेवटी न दिसणारी एक 'सगळ्यांना मनाई' ओळ असते. ही शेवटची मनाई सिस्कोची रीत आहे. काही कंपन्यांच्या स्विचवर न जुळलेले पॅकेट पुढे जाऊ दिले जाते, म्हणून शेवटची मनाई नेहमी स्वतः लिहावी. स्विच कोणताही असो, अर्थ बदलत नाही आणि वाचणाऱ्यालाही स्पष्ट दिसते.

यादी दोन प्रकारची. स्टँडर्ड यादी फक्त कोणाकडून आले ते पाहते. तिचे क्रमांक १ ते ९९ आणि १३०० ते १९९९. एक्स्टेंडेड यादी कोणाकडून, कोणाकडे, कोणता प्रोटोकॉल (टीसीपी, यूडीपी वगैरे बोलण्याची पद्धत) आणि कोणता पोर्ट क्रमांक हे सगळे पाहते; क्रमांक १०० ते १९९ आणि २००० ते २६९९. क्रमांकापेक्षा नाव द्यावे. सहा महिन्यांनी '१०७' म्हणजे काय हे कोणालाही आठवत नाही. शिवाय क्रमांकाच्या यादीत जुन्या पद्धतीने 'नो ॲक्सेस-लिस्ट १०७' ने सुरू होणारी ओळ दिली, की ती एकच ओळ न जाता पूर्ण यादी पुसली जाते. नावाच्या यादीत ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक असतात. मध्ये १५ घालता येतो, नेमका २० काढता येतो.

वाइल्डकार्ड मास्कपाशी पुष्कळ जण अडखळतात. एसीएलमध्ये सबनेट मास्क उलटा लिहायचा: २५५.२५५.२५५.० चा ०.०.०.२५५. रीत अशी की २५५ मधून प्रत्येक आकडा वजा करायचा. आपल्या /२२ चा मास्क २५५.२५५.२५२.०, म्हणून वाइल्डकार्ड ०.०.३.२५५. चुकून सरळ मास्क लिहिला तर स्विच तक्रार करत नाही. '१०.२०.१०.० २५५.२५५.२५५.०' या ओळीचा अर्थ तो 'पहिले तीन आकडे काहीही, शेवटचा मात्र शून्य' असा लावतो. कॉन्फिग पाहिले तर तिथे '०.०.०.० २५५.२५५.२५५.०' असे दिसते. ऑफिसमधल्या कोणत्याच पीसीचा पत्ता शून्यावर संपत नसल्याने ती ओळ कधीच जुळत नाही आणि सगळे शेवटच्या मनाईत अडकते. यादी लिहून झाल्यावर ती परत छापून बघावी, एवढ्याने ही चूक पकडता येते.

आता दिशा. यादी व्हीलॅनच्या इंटरफेसवर 'इन' किंवा 'आउट' अशी लावतात. पणजीच्या कदंब बसस्थानकावर उभे आहोत असे धरा. म्हापशाहून येणारी बस स्थानकाच्या दृष्टीने आत येते, तीच मडगावला निघाली की बाहेर जाते. म्हापशाचा माणूस त्याच बसला 'बाहेर गेली' म्हणेल, पण त्याचे मत इथे धरायचे नाही. स्थानक म्हणजे स्विच. व्हीलॅन ३० वर 'इन' लावलेली यादी पाहुण्यांकडून स्विचमध्ये शिरणारे पॅकेट तपासते. 'आउट' लावलेली यादी स्विचकडून पाहुण्यांकडे जाणारे. इंटरनेटवरून येणारे म्हणजे 'इन' असे समजून उलटी दिशा लावली, की मनाईच्या ओळींना काहीच जुळत नाही आणि यादी असून नसल्यासारखी होते, किंवा सगळेच बंद पडते.

आमचे ठाम मत असे की शक्य तिथे फक्त 'इन' वापरावी आणि ती ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्या व्हीलॅनवर लावावी. पॅकेट स्विचमध्ये शिरतानाच तपासले जाते, आणि उत्तर कोणत्या यादीतून परत जाणार याचा गुंता निम्म्याने कमी होतो.

पाहुण्यांची यादी अशी ('परमिट' म्हणजे जाऊ दे, 'डिनाय' म्हणजे मनाई, 'एनी' म्हणजे कोणीही, 'होस्ट' म्हणजे एकच पत्ता, 'इक्यू' नंतर पोर्टचा क्रमांक):

आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड पाहुणे-इन
१० परमिट यूडीपी एनी इक्यू ६८ एनी इक्यू ६७
२० परमिट यूडीपी १०.२०.३२.० ०.०.३.२५५ होस्ट १०.२०.२०.१० इक्यू ५३
३० परमिट टीसीपी १०.२०.३२.० ०.०.३.२५५ होस्ट १०.२०.२०.१० इक्यू ५३
४० डिनाय आयपी एनी १०.०.०.० ०.२५५.२५५.२५५
५० डिनाय आयपी एनी १७२.१६.०.० ०.१५.२५५.२५५
६० डिनाय आयपी एनी १९२.१६८.०.० ०.०.२५५.२५५
७० परमिट आयपी १०.२०.३२.० ०.०.३.२५५ एनी
८० डिनाय आयपी एनी एनी

इंटरफेस व्हीलॅन ३०
आयपी ॲक्सेस-ग्रुप पाहुणे-इन इन

पहिली ओळ डीएचसीपीची. नवीन फोनला अजून पत्ता नसतो, तो ०.०.०.० या नावाने २५५.२५५.२५५.२५५ ला हाक मारतो. म्हणून काही जण ही ओळ नेमक्या त्या दोन पत्त्यांपुरती लिहितात, आणि चाचणीत ती चालतेही. घोटाळा नंतर कळतो. फोन पत्त्याची निम्मी मुदत संपली की नूतनीकरणासाठी स्वतःच्या खऱ्या पत्त्यावरून थेट सर्व्हरला विचारतो; ते पॅकेट अरुंद ओळीत बसत नाही आणि ४० व्या ओळीत मरते. मुदतीचा ८७.५ टक्के भाग सरला की तो स्वतःच्या पत्त्यावरून सर्वांना हाक मारतो; ती तेवढी ७० व्या ओळीतून जाते. ती एक हाक हुकली तर मुदत पूर्ण संपते, फोन पत्ता सोडतो, परत पहिल्यापासून मागतो आणि लगेच मिळतो. पाहुण्याला दिसते ते एवढेच की वाय-फाय अधूनमधून तुटते. त्यासाठी ॲक्सेस पॉइंट बदलले जातात, केबल बदलल्या जातात, दोष मात्र पहिल्या ओळीत असतो. म्हणून वर दोन्हीकडे 'एनी' ठेवले आहे.

डीएनएसला यूडीपी आणि टीसीपी दोन्ही लागतात. मोठी उत्तरे टीसीपीवरून जातात, आणि फक्त यूडीपी ठेवले तर काही थोड्या साइट उघडत नाहीत, बाकी सगळे ठीक. असा अर्धवट बिघाड शोधायला फार वेळ जातो.

४० ते ६० या ओळी खाजगी पत्त्यांचे तिन्ही पट्टे अडवतात; हे पट्टे १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ठरलेले आहेत. आज आपल्याकडे १७२ किंवा १९२.१६८ चा वापर नसला तरी उद्या कोणीतरी नवे राउटर आणून जोडतो, आणि ते बहुधा १९२.१६८ वरच असते. ४० व्या ओळीत स्विचचा स्वतःचा १०.२०.३२.१ हा गेटवे (बाहेर जाण्याच्या दाराचा) पत्ताही अडतो. मग इंटरनेट कसे चालेल, असा प्रश्न हमखास येतो. चालते, कारण इंटरनेटला जाणाऱ्या पॅकेटवर गंतव्य पत्ता बाहेरच्या साइटचा असतो, गेटवेचा नसतो. गेटवेचा मॅक (हार्डवेअरचा) पत्ता फोन एआरपी या विचारणेच्या पद्धतीने शोधतो आणि एआरपी हे आयपी पॅकेटच नव्हे. गेटवेला पिंग जाणार नाही, स्विचचे लॉगिन पाहुण्याला दिसणार नाही, आणि तेच हवे आहे. पण लॉगिनचे स्वागतपान देणारा वाय-फाय कंट्रोलर आतल्या पत्त्यावर असेल तर त्याच्यासाठी वेगळी परवानगी ४० च्या वर घालावीच लागेल. ती विसरली तर पाहुण्याच्या फोनवर कोरे पान फिरत राहते.

७० व्या ओळीत 'एनी' ऐवजी स्वतःचे सबनेट लिहिण्यालाही कारण आहे. खोटा पत्ता लावून बाहेर पाठवलेली पॅकेट इथेच पडतात. २००० सालच्या आरएफसी २८२७ मध्ये हीच शिफारस आहे.

ऑफिसमधून पाहुण्यांच्या व्हीलॅनमधल्या एखाद्या उपकरणाला पिंग केले तर काय होईल? जाणारे पॅकेट पोचते, त्याला कोणी अडवलेले नाही. उत्तर व्हीलॅन ३० मधून स्विचमध्ये शिरते, त्याचे गंतव्य १०.२०.१०.x असते, आणि ४० वी ओळ ते टाकून देते. स्विचला आठवत नाही की हे उत्तर ऑफिसनेच मागवले होते. म्हणूनच ॲक्सेस पॉइंटचा देखभालीचा पत्ता पाहुण्यांच्या व्हीलॅनमध्ये कधी ठेवू नये. तो ९९ मध्ये असावा.

कॅमेऱ्यांच्या यादीत हा विसराळूपणा अधिक ठळक दिसतो. एनव्हीआर १०.२०.४०.५ वर आहे आणि मॅनेजरचा पीसी १०.२०.१०.२१. मॅनेजरला रेकॉर्डिंग पाहता यावे, पण कॅमेऱ्यांनी किंवा एनव्हीआरने स्वतःहून कुठेही जाऊ नये.

आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड कॅमेरे-इन
१० परमिट टीसीपी होस्ट १०.२०.४०.५ इक्यू ४४३ होस्ट १०.२०.१०.२१ एस्टॅब्लिश्ड
२० परमिट टीसीपी होस्ट १०.२०.४०.५ इक्यू ५५४ होस्ट १०.२०.१०.२१ एस्टॅब्लिश्ड
३० परमिट यूडीपी १०.२०.४०.० ०.०.०.२५५ होस्ट १०.२०.२०.१० इक्यू १२३
४० डिनाय आयपी एनी एनी

पहिल्या दोन ओळी उत्तरांच्या आहेत, म्हणून ४४३ (वेब पान) आणि ५५४ (थेट चित्र) हे क्रमांक एनव्हीआरच्या बाजूला, म्हणजे स्रोताला लागून लिहिले आहेत. गंतव्याला लागून लिहिले तर ओळ कधीच जुळणार नाही. ही अदलाबदल फार ठिकाणी दिसते. 'एस्टॅब्लिश्ड' हा शब्द टीसीपी पॅकेटवर एसीके (पोच) किंवा आरएसटी (जोडणी तोडणे) खूण आहे का एवढेच पाहतो. संभाषण सुरू करणाऱ्या पहिल्या पॅकेटवर एसीके नसते, त्यामुळे एनव्हीआर मॅनेजरच्या पीसीशी स्वतःहून बोलणे सुरू करू शकत नाही. हे काम भागवणारे आहे, पण फायरवॉलच्या तोडीचे मुळीच नाही, कारण हाताने एसीके लावून बनवलेले पॅकेट यातून जाते. यूडीपीला असली खूण नसतेच. काही व्ह्यूअर चित्र यूडीपीवरून मागवतात. तसे असेल तर लॉगिन होते आणि पडदा काळा राहतो. व्ह्यूअरच्या सेटिंगमध्ये टीसीपी निवडले की चित्र येते.

तिसरी ओळ घड्याळाची. ती वगळली तर काही बंद पडत नाही, म्हणून ती सहज वगळली जाते. कॅमेऱ्यांचे घड्याळ मात्र हळूहळू सरकते, आणि ज्या दिवशी चोरीचे फुटेज लागते त्या दिवशी त्यावरची वेळ भलतीच निघते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सगळ्या यंत्रणांची घड्याळे जुळवलेली ठेवणे आणि लॉग १८० दिवस सांभाळणे दोन्ही आले आहे.

या यादीमुळे मालकाच्या फोनवर एनव्हीआर कंपनीच्या क्लाउडमधून दिसणारे कॅमेरे बंद होतील. हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर संध्याकाळपर्यंत यादी काढून टाकण्याचा आदेश येतो. बाहेरून पाहायचे असेल तर फायरवॉलवर व्हीपीएन घ्यावे आणि व्हीपीएनच्या पत्त्यांसाठी १० आणि २० सारख्या दोन ओळी वाढवाव्यात. कॅमेऱ्याकडून एनव्हीआरकडे जाणारे रेकॉर्डिंग एकाच व्हीलॅनमध्ये असल्याने या यादीच्या वाटेला येतच नाही.

हाच नियम पाहुण्यांना लावून पाहा. १०१ क्रमांकाच्या खोलीतला लॅपटॉप आणि १०२ मधला फोन एकाच व्हीलॅनमध्ये आहेत. त्यांचे आपसातले पॅकेट व्हीलॅन इंटरफेसपर्यंत चढतच नाही, म्हणून 'पाहुणे-इन' कितीही कडक केली तरी त्यांना एकमेकांपासून वाचवू शकत नाही. वाय-फायवर त्यासाठी ॲक्सेस पॉइंटमध्ये क्लायंट आयसोलेशन चालू करायचे. केबलवर एकाच स्विचपुरते 'स्विचपोर्ट प्रोटेक्टेड' पुरते: असे दोन पोर्ट (इथे केबलच्या खोबण्या) एकमेकांशी बोलत नाहीत, वरच्या लिंकशी बोलतात.

ऑफिसात जरा नेमके लागते. रिसेप्शनचा पीसी आणि अकाउंट्सचा पीसी यांच्यात ४४५ बंद हवे, पण दोघांनाही सर्व्हरवरची फाइल उघडता आली पाहिजे. यासाठी व्हीलॅन मॅप:

आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड ऑफिस-४४५
१० परमिट टीसीपी १०.२०.१०.० ०.०.०.२५५ १०.२०.१०.० ०.०.०.२५५ इक्यू ४४५

व्हीलॅन ॲक्सेस-मॅप ऑफिस-मॅप १०
मॅच आयपी ॲड्रेस ऑफिस-४४५
ॲक्शन ड्रॉप
व्हीलॅन ॲक्सेस-मॅप ऑफिस-मॅप २०
ॲक्शन फॉरवर्ड

व्हीलॅन फिल्टर ऑफिस-मॅप व्हीलॅन-लिस्ट १०

इथे 'परमिट' म्हणजे परवानगी नव्हे. 'हे पॅकेट जुळले' एवढाच त्याचा अर्थ, आणि टाकायचे की पाठवायचे ते 'ॲक्शन' ठरवते. परमिटच्या जागी डिनाय लिहिले तर ते पॅकेट जुळले नाही असे धरून पुढच्या कलमाकडे जाते आणि फॉरवर्ड होते. २० वे कलम विसरले तर व्हीलॅनमधली बाकीची सगळी आयपी वाहतूक बंद पडते. आणि स्रोत व गंतव्य दोन्ही १०.२०.१०.० लिहिणे महत्त्वाचे, कारण व्हीलॅन मॅप व्हीलॅनमधून बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या पॅकेटनाही लागू होतो. 'एनी एनी इक्यू ४४५' लिहिले की फाइल सर्व्हरही गेला.

हा मॅप मधल्या स्विचवर लावून उपयोग नाही. एकाच मजल्यावरच्या स्विचला जोडलेले दोन पीसी तिथल्या तिथे बोलतात, त्यांची पॅकेट मध्यापर्यंत येत नाहीत. मॅप त्या मजल्यावरच्या स्विचवर हवा, आणि त्या मॉडेलला तो चालतो का ते खरेदीआधी पाहावे. टेबलाखाली पाच पोर्टचा साधा स्विच चिकटवलेला असेल तर त्यावर जोडलेल्या पीसींमध्ये कोणतीच यादी मध्ये येत नाही. सर्वेक्षण करताना आधी टेबलाखाली वाकून पाहावे, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

स्विचच्या एकेका पोर्टवरही यादी लावता येते. क्रम असा की आत येताना आधी पोर्टची, मग व्हीलॅन मॅपची, मग व्हीलॅन इंटरफेसची यादी बघितली जाते.  ॲक्सेस पॉइंटकडे जाणारा पोर्ट ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणारा, असतो, आणि ट्रंकवर लावलेली पोर्टची यादी त्यातल्या सगळ्या व्हीलॅनना लागते हे विसरू नये. मॅक पत्त्यांवरची यादी कॅटॅलिस्टवर सर्वसाधारणपणे आयपी नसलेल्या फ्रेमपुरतीच चालते, त्यामुळे एखादा फोन मॅकवरून अडवण्यासाठी ती कामाची नाही.

वेर्णे किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत तत्त्व हेच, फक्त नावे बदलतात. कॅमेऱ्यांच्या जागी पीएलसी (मशीन चालवणारे नियंत्रक) येतात. त्यांच्याशी बोलण्याच्या मॉडबस टीसीपी पद्धतीचा क्रमांक ५०२, आणि त्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. जो पोचला तो मशीनला हुकूम देऊ शकतो. म्हणून ५०२ ची परवानगी फक्त नियंत्रण कक्षाच्या नेमक्या पत्त्यांना द्यावी, सबनेटला कधीच नाही.

स्विचचा स्वतःचा दरवाजाही बंद करावा लागतो. व्हीलॅन ९९ ला परवानगी देणारी एक स्टँडर्ड यादी करून ती व्हीटीवाय, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या, लाइनवर 'ॲक्सेस-क्लास' ने लावायची. लाइन ० ते १५ वर लावून थांबू नये. काही नव्या मॉडेलवर त्या ३१ पर्यंत असतात आणि उरलेल्या उघड्या राहतात. ब्राउझरमधून कोणी स्विच हाताळत नसेल तर एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दोन्ही सेवा बंद ठेवाव्यात.

स्विच या याद्या टीकॅम नावाच्या खास मेमरीत ठेवतो. त्यात सगळ्या ओळी एकाच वेळी तपासल्या जातात, त्यामुळे लांब यादीने वेग कमी होतो ही समजूत स्विचला लागू नाही आणि वेगासाठी ओळींचा क्रम बदलण्याची गरजही नाही. क्रम फक्त अर्थासाठी. मर्यादा आहे ती जागेची. 'रेंज' (क्रमांकांचा पट्टा), 'जीटी' (पेक्षा मोठे), 'एलटी' (पेक्षा लहान) यांच्या ओळी जास्त जागा खाऊ शकतात, आणि जागा संपली तर काही मॉडेलवर त्या इंटरफेसचे सगळेच पॅकेट पडतात. मोठी यादी लावल्यावर टीकॅमचा वापर आणि लॉगमधले एसीएलचे संदेश पाहावेत. ओळीच्या शेवटी 'लॉग' लिहिले की जुळणारी पॅकेट प्रोसेसरकडे नोंदीसाठी जातात. शोधकामापुरते दहा मिनिटे ठीक, कायम ठेवू नये. नाकारलेल्या पॅकेटना 'पोचता येत नाही' असा निरोप पाठवण्यातही प्रोसेसर गुंततो, म्हणून पाहुण्यांच्या इंटरफेसवर 'नो आयपी अनरीचेबल्स' द्यावे.

यादी लावण्याचा क्रम चुकला तर आपण स्वतःच बाहेर अडकतो. सिस्कोवर न लिहिलेली यादी इंटरफेसला लावली तर सगळे मोकळे जाते. मग पहिली ओळ टाइप करून एंटर दाबले, की त्या क्षणी यादी अस्तित्वात येते आणि तिच्या मागोमाग न दिसणारी मनाईही. दुसरी ओळ टाइप करायला लॉगिन शिल्लक नसते. म्हणून आधी पूर्ण यादी, मग ती लावणे. चालू यादीत मोठा बदल करायचा असेल तर 'पाहुणे-इन-२' अशी नवी यादी पूर्ण लिहावी आणि इंटरफेसवर एका कमांडने बदलावी. एका इंटरफेसला एका दिशेने आयपीव्ही४ ची एकच यादी राहते, जुनी आपोआप सुटते. परत जायचे तर तीच एक कमांड.

दुरून काम करताना 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर १०' ने आत शिरावे. दहा मिनिटांत 'कॉन्फिगर कन्फर्म' दिले नाही तर स्विच स्वतः जुन्या कॉन्फिगवर येतो. त्याआधी 'आर्काइव्ह' मध्ये पाथ दिलेला असावा लागतो. 'रीलोड इन १०' ही जुनी युक्तीही चालते, पण तिच्यात अख्खे हॉटेल काही मिनिटे बंद राहते.

बदल कधी करावेत हेही ठरलेले असावे. २० डिसेंबर ते नववर्षाच्या आठवड्यात एसीएलला हात लावू नये. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात, तो काळ चांगला, पण तेव्हा वीज वारंवार जाते, आणि 'राइट मेमरी' न केलेली यादी स्विच परत चालू होताना नाहीशी होते. अशा वेळी काही बिघडल्याचे दिसत नाही. सगळे चालते, फक्त जरा जास्तच चालते: पाहुण्याला पुन्हा बिलिंग सर्व्हर दिसू लागतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर सेव्ह, आणि पावसाळा संपल्यावर एकदा पूर्ण तपासणी.

तपासताना काय चालते यासोबत काय चालू नये तेही बघायचे. पाहुण्यांच्या वाय-फायवर लॅपटॉप जोडा, पत्ता मिळतो का पाहा, नावाने साइट उघडा. मग विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' ने १०.२०.२०.५ चा ४४३ आणि ४४५, एनव्हीआरचा ५५४, स्विचच्या प्रत्येक व्हीलॅन पत्त्याचा २२ तपासा. सगळीकडे अपयश यायला हवे. एकट्या पिंगवर विसंबू नये, ते आयसीएमपी हा वेगळा प्रोटोकॉल आहे आणि टीसीपीबद्दल काही सांगत नाही. 'शो ॲक्सेस-लिस्ट्स' मधले आकडे शून्य दिसले म्हणून घाबरू नये. पुष्कळ स्विचवर तिथे फक्त प्रोसेसरकडे गेलेली पॅकेट मोजली जातात, हार्डवेअरमध्ये अडलेल्यांची गणती वेगळ्या प्लॅटफॉर्म कमांडने मिळते.

शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या यादीबाहेर राहतो. वरचे सगळे आयपीव्ही४ चे आहे. फोन आणि लॅपटॉपमध्ये आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, आपोआप चालू असते, आणि इंटरनेट कंपनीने ते दिले व स्विचवर त्याचे राउटिंग चालू झाले, की पाहुण्याची पॅकेट 'पाहुणे-इन' ला न भेटता जातात. त्यासाठी 'आयपीव्ही६ ॲक्सेस-लिस्ट' वेगळी लिहावी लागते आणि 'आयपीव्ही६ ट्रॅफिक-फिल्टर' ने लावावी लागते. तिच्या शेवटी न दिसणारी मनाई आहेच, पण त्या मनाईच्या आधी शेजारी शोधण्याच्या एनडी-एनए आणि एनडी-एनएस या दोन परवानग्याही न दिसता असतात. आयपीव्ही४ मध्ये लावलेल्या चांगल्या सवयीप्रमाणे इथे शेवटी 'डिनाय आयपीव्ही६ एनी एनी' लिहिले, तर ती ओळ त्या दोन परवानग्यांच्या आधी येते. उपकरणांना गेटवे सापडेनासा होतो आणि आयपीव्ही६ गप्प पडते. म्हणून ती मनाई लिहायची असेल तर तिच्या वर 'परमिट आयसीएमपी एनी एनी एनडी-एनए' आणि 'परमिट आयसीएमपी एनी एनी एनडी-एनएस' या दोन ओळी स्वतः लिहाव्यात, आणि फोन राउटरचा पत्ता विचारतात त्या राउटर सॉलिसिटेशनसाठी तिसरी.